आधी सूर उतरू दे

डॉक्टर, सुरुवातीलाच सांगते, सूर उतरलेला नाही. आपल्या संघाच्या नियमाप्रमाणे मला बोलायचा अधिकार नाही. पण आता तुम्ही अध्यक्षांच्या खुर्चीत नाही, आणि "सुलभा, जरा थांब, अजून वाजतंय" म्हणून हात वर करायलाही नाही. तेव्हा निदान आज तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल.

प्रधान सरांनी स्मरणिकेसाठी तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. "प्रसन्न लिहा," असं बजावून गेले. सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात आणि तुम्ही असेपर्यंत संघाचे उपाध्यक्ष होते, म्हणजे तुम्ही शिंकलात की रुमाल घेऊन उभे राहायचे. त्यांना प्रसन्न लिहिणारे पुष्कळ मिळतील. तुम्ही कुठे जन्मलात, कुठे शिकलात, कर्जतला दवाखाना कसा थाटलात, हे सगळं ते लिहितीलच. माझं ते छापतील असं वाटत नाही. गेलेल्या माणसाला वाईट बोलू नये म्हणतात. तो माणूस जिवंत होता तेव्हा ज्यांना बोलायला मिळालं, त्यांनी ते पाळावं. मी पाळणार नाही.

तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात तो दिवस मात्र मला विसरता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. खोपोलीत शिळफाट्याला बाजाराच्या मागे मी व्यायामोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची, खोली उघडली होती, आणि लोक मला मालिशवाली समजत होते. भातशेतीवाल्याची पोर मुंबईत शिकून आली आणि परत येऊन लोकांचे पाय चेपते, असं आमच्या खालापूरकडच्या गावातच बोलायचे. दिवस दिवस खोलीत कोणी फिरकत नसे. एक दिवस तुमची स्कूटर दारात थांबली. तुम्ही काखेत एक पेटी घेऊन आत आलात आणि नाव-गाव विचारायच्या आधी म्हणालात, "मला शिकलेली माणसं हवी आहेत. तुम्ही शिकलेल्या आहात ना?" इतक्या दिवसांत तसं कोणी विचारलं नव्हतं.

मग तुम्ही माझ्या दोन बोटांना कापडी पट्ट्या बांधल्यात आणि पेटीचं बटण फिरवलंत. पेटी बारीक कुईं करायला लागली. "हा तुमचा सूर," तुम्ही म्हणालात. "मनावर ताण आला की बोटांना घाम सुटतो. आपल्याला कळणारही नाही एवढासा, पण पेटीला कळतो. ताण वाढला की सूर चढतो, सैल झालात की उतरतो. स्वतःचा ताण कानांनी ऐकायला मिळाला की माणूस तो उतरवायला शिकतो. पुढे पेटीही लागत नाही. याला बायोफीडबॅक म्हणतात." मी मान डोलावली. माझा सूर काही उतरेना. तुम्ही माझा तळहात उलटा करून बघितलात आणि हसलात. "तुमचे हातच ओले आहेत हो."

हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, डॉक्टर. माझे तळवे लहानपणापासून ओले. मी भाकरी थापायला बसले की आई म्हणायची, ऊठ, सगळं पीठ हातालाच राहतंय. रागाने असो, आनंदाने असो, नुसती पायरी चढून आले तरी असो, माझ्या हाताला घाम असतोच. हे माहीत असून तुम्ही पुढे जे केलंत, ते केलंत.

सुरुवातीची ती वर्षं चांगली होती, हे मला कबूल करावं लागतं. तुम्ही, मी, प्रधान सर, शिळफाट्यालाच रेडिओ-पंख्यांचं दुकान असलेले हमीदभाई मुकादम, दोन योगशिक्षक आणि नेरळच्या एक नर्सबाई, एवढाच आपला बायोफीडबॅक शिकवणाऱ्यांचा संघ. हमीदभाईंनी तुमची परदेशी पेटी उघडून तशाच चार पेट्या बनवून दिल्या होत्या आणि त्यावर रंगीत दिवेही लावले होते, कारण दिव्याशिवाय गिऱ्हाईक बघत नाही असं त्यांचं म्हणणं. त्यातली एक पेटी शालीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आपण कशेळ्याच्या बाजारात गेलो होतो. तुम्ही पिंपळाच्या पारावर बसून लोकांना समजावत होतात. एक म्हातारी पट्ट्या घालून बसली आणि पेटी वाजू लागली. "ह्यो रेडू काय बोलतो रं?" तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, "तुमच्या मनातलं बोलतो, आजी." म्हातारीने मागे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मंग बंद कर रं बाबा, सून बसली हाय हितं." परतीच्या गाडीत तुम्ही कर्जत येईपर्यंत हसत होतात. त्या हसणाऱ्या माणसाशी माझं काही भांडण नाही. तो माणूस पुढे कुठे गेला, हे मी तुम्हाला विचारते आहे.

नियमसुद्धा गमतीतच सुरू झाला होता. दवाखान्यावरच्या माडीत आपली दर महिन्याची सभा असायची. एका सभेत दोघा योगशिक्षकांची जुंपली. रुग्णाला आधी शवासन द्यायचं की आधी पेटी, यावरून ते एकमेकांचे गुरू काढायला लागले. तुम्ही शांतपणे उठलात, दोघांना शेजारी बसवलंत, दोघांच्या बोटांना पट्ट्या बांधल्यात आणि दोन्ही पेट्या सुरू केल्यात. अशी काही कर्कश जुगलबंदी झाली की खालचा कंपाउंडर वर बघायला आला. ते दोघेही हसायला लागले, आणि हसता हसता सूर उतरले. "आता बोला," तुम्ही म्हणालात. सगळ्यांना ती कल्पना फार आवडली. मलाही आवडली.

मग दरवेळी तसंच व्हायला लागलं. ज्याला आक्षेप घ्यायचा असेल, ठराव मांडायचा असेल, त्याने आधी पट्ट्या घालायच्या, सूर उतरवायचा आणि मग बोलायचं. तुम्ही त्याला मोठं शास्त्र चिकटवलंत. जो स्वतःचा ताण उतरवू शकत नाही, त्याने दुसऱ्याचा उतरवायचा धंदा करू नये. चढलेल्या सुरात माणूस खरं बोलत नाही, तो आपला राग बोलतो. ऐकायला किती बरं वाटतं. आणि आम्ही सगळे याच कामातले लोक. आमचा पोटापाण्याचा देवच ती पेटी. दुसऱ्या कुठल्या मंडळात हा नियम कोणी काढला असता तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. आमच्यात मात्र तो शोभून दिसला. शांत माणूस तो बरोबर आणि तापलेला तो चूक, असं आम्ही न ठरवता ठरवून टाकलं.

अध्यक्षांना तेवढ्या पट्ट्या नव्हत्या. "अध्यक्षाने बोलायचं नसतं, ऐकायचं असतं," असं तुम्ही म्हणायचात आणि पुढे तासभर बोलायचात. निवडणुकीलाही तेच. दुसऱ्याचं नाव सुचवायचं असेल तर पट्ट्या घालून सुचवायचं. भर सभेत, तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याऐवजी दुसऱ्याचं नाव घेताना कोणाचा सूर उतरेल? तुम्ही दरवेळी बिनविरोध निवडून आलात, आणि दरवेळी म्हणालात की संघात किती एकोपा आहे बघा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे तोंड दाबायला हातही लागत नव्हता.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. सगळा संघ जाणतो कुठलं, पण संघाच्या सभेत ते कधी बोललं गेलं नाही.

खोपोलीच्या एका कारखान्याने आपल्याला हाताशी धरलं तिथून ते सुरू झालं. कामगारांची डोकी दुखत, पित्त होत असे, झोपा उडालेल्या. कारखान्याने त्यांना तुमच्याकडे पाठवायला सुरुवात केली. माडीवर पंखे आले, नव्या पेट्या आल्या, वार्षिक अधिवेशनाला मांडव आला. यात काही वाईट नव्हतं. वाईट एवढंच होतं की कामगाराबरोबर कारखान्याचे लेबर ऑफिसरही यायचे. कामगार पट्ट्या घालून बसायचा आणि त्याच्या मागे खुर्ची टाकून साहेब बसायचे. पेटी वाजताना ऐकायचे. चहा प्यायचे.

मी तुम्हाला जिन्यात गाठलं होतं, आठवतं? "साहेबांनी खोलीत बसायचं कारण काय?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "त्यांनी डोळ्यांनी बघितलं तर त्यांना पटेल, सुलभा. मग ते आणखी माणसं पाठवतील. एकाच्या संकोचापायी बाकीच्यांची डोकी दुखत ठेवू का?" मी म्हणाले, "मागे मालक बसलेला असताना कुणाचा ताण उतरतो?" तुम्ही म्हणालात, "सभेत मांड. रीतसर मांड." मला तेव्हा वाटलं, माणूस न्यायाने वागतो आहे.

मी मांडायला गेले. पट्ट्या घातल्या. पेटी वाजायला लागली ती वाजतच राहिली. मी डोळे मिटले, श्वास मोजले, रुग्णांना शिकवते ते सगळं केलं. सगळे माझ्याकडे बघत होते. शेवटी तुम्ही अगदी मायेने म्हणालात, "पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. मी सांगून बघितलं की माझे हातच ओले आहेत. प्रधान सर म्हणाले, "प्रत्येक रुग्ण असंच काहीतरी कारण सांगतो." तुम्ही, ज्यांनी माझा तळहात उलटा करून बघितला होता ते तुम्ही, समोरच्या कागदाकडे बघत राहिलात. त्या क्षणाची मी तुम्हाला माफी दिलेली नाही.

हमीदभाईंना माझी दया आली. एक दिवस माझ्या खोलीवर येऊन म्हणाले, "ताई, आतला एक स्क्रू फिरवला की ही पेटी मेलेल्या माणसासारखी गप्प बसेल. पुढच्या सभेला तुमच्यापुढे ती ठेवतो. कुणाला कळायचं नाही." मी म्हणाले, "मला कळेल ना." ते म्हणाले, "मग वाजत बसा," आणि चहा न घेता गेले. आज वाटतं, फिरवायला हवा होता तो स्क्रू. पण मी तुमचीच शिष्या होते. पेटी खोटं बोलत नाही, हे मला तुम्हीच शिकवलं होतं.

काशिनाथ आमच्याच गावचा. त्याच्या बापाची जमीन कारखान्यात गेली आणि बदल्यात त्याला पत्रा दाबायच्या प्रेसवर नोकरी मिळाली. डोकं सतत धरलेलं असायचं त्याचं. आणि काय शिकला, डॉक्टर! तुम्हीच सांगायचात की असा विद्यार्थी तुम्ही बघितला नाही. पट्ट्या घालायचा, एक लांब श्वास सोडायचा आणि सूर असा खाली यायचा की पेटी बंद पडल्यासारखी वाटे. मी त्याला विचारलं होतं, काय करतोस रे मनात? तो म्हणाला, "काय नाय गं ताई. लावणी झाल्यावर बांधावर बसून पानी बगतो ना आमी, तसा बसतो." अधिवेशनात तुम्ही त्याला मांडवात सर्वांसमोर बसवलंत. टाळ्या पडल्या. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं, मी बघितलं आहे.

त्यानंतर तुम्ही त्याला पुढचा धडा दिलात. ज्या गोष्टीने ताण येतो ती मनात आणायची, तोंडाने बोलायची, सूर चढू द्यायचा आणि मग उतरवायचा. हा धडा चांगलाच आहे, मी आजही देते. पण तो देताना खोलीत रुग्ण आणि आपण, एवढेच असतो. तुम्ही तो साहेब मागे बसलेले असताना दिलात. मी शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एकाच्या मानेचं काम करत होते. तुम्ही म्हणालात, "बोल काशिनाथ. कशाने डोकं धरतं? मोकळेपणाने बोल, इथे सगळी आपलीच माणसं आहेत."

आपलीच माणसं, असं म्हणालात तुम्ही.

काशिनाथने तुमच्यावर विश्वास ठेवला. तो म्हणाला, "डॉक्टर, प्रेसची जाळी काडून टाकली हाय. काम भरभर व्हावं म्हणून. हात आत गेला तर गेला. रोज वाटतं आज आपला हात जातो. आमी बोललो का फोरमन बोलतो, घरी जा." सूर चढत चढत गेला. आणि मग त्याने श्वास सोडला, सूर खाली आणला आणि तुमच्याकडे बघून हसला, धडा बरोबर झाला म्हणून. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. साहेबांनी चहाची बशी खाली ठेवली.

त्याला आधी भंगाराच्या आवारात टाकलं आणि मग कामावरून कमी केलं. कारणात काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण आपल्या खोलीतलं बोलणं खोलीबाहेर गेलं, एवढं शेंबड्या पोरालाही कळत होतं. काशिनाथ माझ्याकडे आला. रागावलेला नव्हता. म्हणाला, "ताई, डॉक्टरांना काय बोलू नको. त्यांना काय ठावं." आणि मग म्हणाला, "पण त्यांनी नुसतं एवडं सांगावं, का ते चुकलं. बस. मला बाकी काय नको."

त्याने एवढंच मागितलं होतं. नोकरी परत मागितली नाही. चुकलं, हा शब्द मागितला. मी तो घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही तपासायच्या खोलीत हात धूत होतात. मी सगळं सांगितलं. तुम्ही मागे न वळता म्हणालात, "तू आत्ता फार तापली आहेस. आधी सूर उतरू दे, मग बोलू." आणि नळ चालूच ठेवलात.

त्यानंतर आपण बोललो असं म्हणता येणार नाही. सभेत मी दर महिन्याला पट्ट्या घालून बसायची, दर महिन्याला पेटी वाजायची आणि मी उठून जागेवर जायची. सगळ्यांना त्याची सवय झाली. नर्सबाई तर तेवढ्या वेळात विणकाम काढायच्या. संघ का सोडला नाहीस, असं मला घरी विचारायचे. सोडून कुठे जाणार होते? या सबंध भागात माझ्या कामाची भाषा बोलणारी एवढीच माणसं होती. आणि ती भाषा मला तुम्ही दिली होती. शिवाय मी गेले असते तर तुम्हाला ती पेटी ऐकावी लागली नसती. दर महिन्याला ऐका, म्हटलं. मला न बोलता तेवढंच बोलता येत होतं.

आणि एक दिवस तुम्ही गेलात. सबंध जिल्ह्याला रक्तदाब कसा उतरवायचा ते शिकवणारा माणूस रक्तदाबाने गेला. लोक हळहळले. मी मात्र, खरं सांगते, आधी संतापले. निसटलात, असं वाटलं मला. मग घरी येऊन कणीक मळताना रडले, आणि रडण्याचाही राग आला.

शोकसभा माडीवरच झाली. तुमचा फोटो खुर्चीत ठेवला होता आणि पुढे टेबलावर पेटी, तिलाही हार. प्रधान सरांनी जाहीर केलं की डॉक्टरांची शिस्त आपण आजही पाळू. जो बोलेल त्याने पट्ट्या घालून, सूर उतरवून बोलावं. पहिल्या रांगेत कारखान्याचं मोठं पुष्पचक्र होतं आणि त्याच्या शेजारी साहेब होते. शेवटच्या रांगेत दाराशी काशिनाथ उभा होता. तो आता शिळफाट्यावरून टेंपो चालवतो. अंगात इस्त्रीचा सदरा होता. मी त्याला विचारलं, बोलणार का? तो म्हणाला, "बोलायला आलो व्हतो. पन साहेब बसला हाय. ऱ्हाऊं दे."

एकेक जण गेला, बसला, सूर उतरवला आणि तुमच्याबद्दल चांगलं बोलला. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलताना सूर पटकन उतरतात, हे मी त्या दिवशी शिकले. साहेबही बोलले. त्यांचा सूर तर चढलाच नव्हता.

मग माझं नाव घेतलं. मी पट्ट्या घातल्या. पेटी कुईं करायला लागली. लोक सवयीने इकडेतिकडे बघायला लागले. नर्सबाईंनी पिशवीत हात घातला. मी समोर बघितलं, तर तुम्ही फोटोत नेहमीसारखे मायेने हसत होतात. आणि मी बोलायला लागले.

"सुलभाताई, वाजतंय," प्रधान सर म्हणाले.

"वाजू दे," मी म्हणाले. "मला एकच ठराव मांडायचा आहे. रुग्ण बोलत असताना त्या साहेबांनी खोलीतून बाहेर जावं. आज काशिनाथला बोलायचं आहे. साहेब, तुम्ही बाहेर जा."

पेटी इतकी किंचाळत होती की मला माझाच आवाज नीट ऐकू येईना. पण सगळ्यांना ऐकू गेलं. प्रधान सरांनी पेटी बंद करायला हात पुढे केला, तो हमीदभाईंनी धरला. "ऱ्हाऊं द्या सर. मी बनवलीय ती. कितीही वाजली तरी जळत नाय." साहेब आधी हसले, मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. कोणी त्यांच्याबरोबर हसलं नाही. ते उठले, घड्याळ बघितलं, दुसरीकडे जायचं असल्याचं काहीतरी म्हणाले आणि जिना उतरून गेले. एवढंच होतं ते, डॉक्टर. इतकी वर्षं मला जे करू दिलं नाहीत ते इतकं सोपं होतं.

काशिनाथ पुढे आला. माझ्या बोटांच्या ओल्या पट्ट्या सदऱ्याला पुसून त्याने आपल्या बोटांना घातल्या. लांब श्वास सोडला आणि पेटी गप्प झाली. तुमचा विद्यार्थी आहे तो, काही विसरलेला नाही. त्याने तुमच्या फोटोकडे बघितलं. "डॉक्टरांनी माझी डोकेदुखी घालवली," तो म्हणाला. "आनि माझी नोकरीबी त्यांच्यापायीच गेली. दोन्ही खरं हाय. दुसरं कुनी बोललं नाय म्हनून मी बोललो." नमस्कार करून तो खाली गेला. त्याला दुपारची भाजी नेरळला पोचवायची होती.

इथे हे संपायला हवं होतं. मी जिंकले होते. तेराव्यानंतर मी तुमच्या घरी इंदूताईंना भेटायला गेले. खरं तर त्यांनी मला हाकललं असतं तरी मी समजू शकले असते. त्यांच्या नवऱ्याच्या शोकसभेत मी भांडण काढलं होतं. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. तांदूळ निवडत होत्या. "तुझी ती पेटी ऐकली आणि मला घरातलीच वाटली," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. त्यांनी फडताळाकडे बोट केलं. तिथे तुमची ती जुनी परदेशी पेटी होती, पहिल्या दिवशी माझ्याकडे आणलेली. "काशिनाथला काढला तेव्हापासून रोज पूजा झाली की पट्ट्या घालून बसायचे. रोज वाजायची. मी विचारायची, अहो, काय आहे मनात? म्हणायचे, एका मुलाला चुकलं म्हणून सांगायचं आहे. मी म्हणायची, मग सांगून टाका की. तर म्हणायचे, आधी सूर उतरू दे. चढलेल्या सुरात सांगितलं तर ते खरं नसतं." त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "शेवटच्या दिवशीसुद्धा बसले होते. उतरला नाही बाई."

डॉक्टर, मला वाटलं होतं की तुम्हाला पट्ट्या नव्हत्या.

हे ऐकून मी निवळले असेन असं इंदूताईंना वाटलं. त्यांनी ती पेटी मला दिली. मी निवळले नाही. आधी मला वाटत होतं, तुम्हाला कळलंच नाही. आता कळलं की तुम्हाला सगळं कळत होतं. रोज सकाळी कळत होतं, देवाला फूल वाहिल्यावर कळत होतं, आणि शिळफाटा स्कूटरवरून काही लांब नव्हता. मुलगा तिथेच टेंपोला टेकून उभा असायचा. तुम्ही एक शब्द घेऊन घरात बसलात, तो थंड व्हायची वाट बघत. दुसऱ्याचं तोंड बंद करायला काढलेला नियम तुम्ही एकटेच इतका प्रामाणिकपणे पाळत होतात, यावर मी हसावं की काय करावं?

काशिनाथला मी सांगितलं. टेंपोत बसलेला होता. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वाजत आसताना आले आसते तरी चाललं आसतं गं ताई. मी काय पेटी घेऊन बसलो व्हतो?"

पुढच्या सभेत अध्यक्ष म्हणून माझं नाव सुचवणार आहेत. हमीदभाई सुचवणार, पट्ट्या न घालता. प्रधान सर अनुमोदन देणार म्हणतात. त्यांना कुणाच्या तरी मागे उभं राहायची सवय आहे. मी हो म्हटलं आहे. पेट्या रुग्णांपुढे राहतील, सभेत येणार नाहीत, आणि रुग्ण असताना खोलीत तिसरी खुर्ची नसेल.

तुमची पेटी माझ्या टेबलावर आहे. हे लिहायला बसले तेव्हा डाव्या हाताला पट्ट्या बांधल्या होत्या, बघू म्हटलं. पहिल्या शब्दापासून वाजते आहे. माझे हात ओले आहेत, मला राग आहे, आणि मला तुमची आठवण येते. यातलं ती नेमकं काय वाजवते आहे ते मला सांगता येणार नाही. असं वाजत असताना तुम्ही यायला हवं होतंत, डॉक्टर. आम्ही ऐकलं असतं.